पाच रात्री, सहा बेटं आणि एक गुडघा

*ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे. घरात सहा माणसं: मी, नवरा, सासू-सासरे, अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. सासऱ्यांना पंचाहत्तरावं लागलंय. डोळे मिटायच्या आत एकदा अंदमानला जाऊन सावरकरांच्या कोठडीत डोकं टेकवायचं, एवढीच त्यांची इच्छा. नवऱ्याचं म्हणणं, समुद्रच बघायचा तर मालदीव, शेजारचे जाऊन आले. मधेच लक्षद्वीपचंही निघालं. सासूबाई म्हणतात, 'माझं काही नाही, तुम्ही जाऊन या.' त्यांचा उजवा गुडघा दुखतो. सुट्टी मिळून सहा दिवस, म्हणजे पाच रात्री. ट्रॅव्हल एजंटनं अंदमानचा 'पाच रात्रींत सहा बेटं' असा कार्यक्रम दिलाय: हॅवलॉक, नील, रॉस, नॉर्थ बे, जॉली बॉय आणि बाराटांग. दिवाळीत जावं की मे महिन्यात, तेही ठरत नाही. सगळं ठरवायचं मी आणि बिघडलं की बोलणीही मलाच. काय करू?*

*ता. क. सासूबाई कायम साडीत असतात. त्यांना समुद्रात उतरता येईल का?*

*— घरची टूर मॅनेजर*

प्रिय टूर मॅनेजर,

तुमचा ताजा कलम वाचला आणि तुमचं पत्र गठ्ठ्यातून बाहेर काढून ठेवलं. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी बाकीचा पसारा आवरू.

मालदीवचं पटकन सांगते. भारतीयांना तिथं व्हिसासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, ही गोष्ट खरी. पण पासपोर्ट सहाही जणांचे लागतात, आणि सासू-सासऱ्यांचे असल्याचं तुम्ही कुठं लिहिलेलं नाही. माले विमानतळ स्वतःच एका बेटावर आहे. तिथून रिसॉर्टला जायचं तर स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारं विमान. ही विमानं फक्त उजेडात उडतात, त्यामुळे संध्याकाळी पोचलात तर एक रात्र तिथंच काढावी लागते. एवढं करून पोचायचं ते एका बेटावरच्या एका हॉटेलात. नव्या जोडप्याला ते स्वर्ग वाटेल. तुमचे सासरे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता विचारतील, 'आता काय बघायचं?' आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसेल. नवऱ्याला सांगा, मालदीव तुम्हा दोघांसाठी राखून ठेवलंय, लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला. लेखी द्या हवं तर.

लक्षद्वीप सुंदर आहे, पण तुमच्या घराला ते जमणार नाही. तिथं जायला भारतीयांनाही परवाना लागतो. राहायच्या जागा मोजक्या. विमान म्हणाल तर कोचीहून अगत्तीला जाणारं छोटं. जहाजानं गेलात तर पुष्कळ बेटांपाशी मोठं जहाज आत येत नाही. बाहेरच हलत्या समुद्रात लहान होडीत उतरायचं, दोन खलाशी दोन्ही दंड धरून. सासूबाईंचा गुडघा डोळ्यांसमोर आणा आणि हे पान मिटा.

म्हणजे अंदमान. सासऱ्यांच्या पारड्यात मी वजन टाकतेय असं नवऱ्याला वाटेल. टाकतेच आहे. पंचाहत्तराव्या वर्षी माणूस एखादी गोष्ट मागतो तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' या शब्दांना फारसा अर्थ नसतो.

आता कधी जायचं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर एक बातमी हमखास येते: 'मान्सून अंदमानात दाखल'. आपण घामाघूम बसून ती वाचतो आणि चहा एक घोट जास्त पितो. त्याच दिवशी ज्यांनी हॅवलॉकच्या हॉटेलचे पैसे आगाऊ भरलेत, त्यांचा विचार कुणी करत नाही. मान्सून तिथं पोचायची नेहमीची तारीख वीस-बावीस मे. २०२५ मध्ये तर तो १३ मेलाच पोचला. जोराचा पाऊस झाला की समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, बोटी रद्द होतात. मेच्या पहिल्या आठवड्यात जाता येईल, पण उकाडा डोंबिवलीपेक्षा कमी नसेल.

दिवाळीचं त्याहून अवघड. आपल्याकडे पाऊस संपला म्हणून आपण आकाशकंदील लावतो, तर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने तेव्हाच सुरू होतात, ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबर २०१६ मध्ये हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकून पडले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. माझं प्रकरण एवढं मोठं नव्हतं. मी आईला घेऊन एका नोव्हेंबरात गेले होते, 'दिवाळीनंतर गर्दी कमी असते' असा शहाणा विचार करून. नीलवर असताना वारं सुटलं, बोटी बंद झाल्या आणि आम्ही दोन रात्री जास्त राहिलो. हॉटेलच्या मालकीणबाई बंगाली होत्या. दोन्ही दिवस त्यांनी मुगाच्या डाळीची खिचडी आणि वांग्याचे काप खायला घातले. विमान अर्थातच गेलं. नवी तिकिटं काढताना जो आकडा पाहिला तो मी आईला अजून सांगितलेला नाही.

म्हणून माझं मत: जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी. आकाश मोकळं, समुद्र शांत, पाण्याखालचं स्वच्छ दिसतं. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत असेल तर मुलांची शाळा तीन-चार दिवसच बुडेल. मुलगा पाचवीत असेल, मुलगी बालवाडीत किंवा पहिलीत. पाचवीतले चार दिवस बुडाल्यानं कुणाचं आयुष्य अडलेलं माझ्या पाहण्यात नाही. वर्गशिक्षिकेला आधी चिठ्ठी द्या, आल्यावर वह्या पुऱ्या करून घ्या.

आता त्या सहा बेटांकडे येऊ, कारण तुमची सहल बिघडणार असेल तर ती तिथंच बिघडेल. एजंटच्या कागदावर दोन बेटांमध्ये एक बाण असतो. त्या बाणात काय काय बसतं ते ऐका. सकाळी हॉटेल सोडायचं. सामान गाडीत. बोटीच्या वेळेच्या तासभर आधी जेट्टी. ओळखपत्रं दाखवायची, सामान तपासून घ्यायचं, त्यावर चिठ्ठ्या लावायच्या, मग रांग. मग दीड-दोन तासांचा प्रवास, सरकारी बोट असेल तर त्याहून जास्त. खासगी बोटी झटपट जातात, पण बहुतेकांत काचा बंद आणि एसी चालू. डेकवर केस उडवत उभं राहायचं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. पलीकडे पोचल्यावर लांबच लांब धक्क्यावरून चालायचं. नीलचा धक्का तर संपतच नाही. मग सामानाच्या ढिगातून आपल्या बॅगा ओळखायच्या, गाडी शोधायची, आणि हॉटेलात पोचल्यावर कळायचं की खोली बारा वाजता मिळेल. एक बेट बदललं की अर्धा दिवस गेला. सहा माणसं, आठ बॅगा आणि एक गुडघा असेल तर पाऊण.

पाच रात्रींत विमानाचे दोन दिवस सोडले तर तुमच्या हातात चारच पूर्ण दिवस आहेत. मुंबईहून जाताना बहुतेक वेळा चेन्नई, बंगळूर किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. पहाटेचं विमान धरलं तर दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर. आता त्याचं नाव श्री विजयपुरम आहे, २०२४ पासून. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप झालं, नील शहीद द्वीप आणि रॉस नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. तिकिटांवर नवी नावं दिसतील, रिक्षावाला जुनी बोलेल. दोन्ही माहीत असू द्या, नाहीतर सासरे तिकीट पाहून म्हणतील, एजंटनं भलतीकडेच पाठवलं.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत सेल्युलर जेल, दुपारच्या बोटीनं हॅवलॉक. तिथं सलग तीन रात्री, बॅगा एकदाच उघडायच्या. पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर आणि शेवटची रात्र तिथंच. सहाव्या दिवशी विमान. या शेवटच्या रात्रीवर एजंट कात्री लावायला बघेल: 'मॅडम, सकाळची बोट पकडून दुपारचं फ्लाइट आरामात होतं.' आरामात होतंही, ज्या दिवशी समुद्राची हरकत नसते त्या दिवशी. विमान आणि बोट एका दिवशी ठेवायची नाही, एवढं एक कलम घरातल्या कुणालाही बदलू देऊ नका.

नील गळलं म्हणून हळहळू नका. छान आहे ते बेट. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी गावांची नावं, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली, भाताची शेतं थेट समुद्राला टेकलेली. पण ते घातलं की आणखी एक बोट, आणखी एक जेट्टी. जॉली बॉयला परवाना, आणि प्लास्टिकची बाटलीही आत नेता येत नाही. नियम अगदी योग्य, पण पाच वर्षांच्या मुलीसकट तो दिवस फार लांबतो. रॉस पोर्ट ब्लेअरपासून बोटीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पाचव्या दिवशी वेळ उरला तर जा. ब्रिटिशांनी तिथं थाटानं चर्च, बेकरी, नाचायचं सभागृह बांधलं होतं. आता त्या भिंती झाडांच्या मुळ्यांनी गिळल्या आहेत आणि मधून हरणं फिरतात. तुमच्या मुलीला ती जेलपेक्षा जास्त लक्षात राहतील. जेल आणि रॉस कुठल्या दिवशी बंद असतात, ते विमानाची तिकिटं काढायच्या आधी विचारून घ्या. नंतर विचारून उपयोग नसतो.

नॉर्थ बेला खास जाऊ नका. जुनी लाल वीस रुपयांची नोट घरात सापडते का बघा. तिच्या मागे जो समुद्र आणि नारळाची झाडं आहेत, ते दृश्य तिथलंच. मुलाला नोट द्या आणि पोर्ट ब्लेअरला असताना पलीकडचं दीपगृह शोधून काढायला सांगा. अर्धा तास तो तुमच्याकडे काही मागणार नाही.

बाराटांगबद्दल मात्र मी नुसतं 'वेळ नाही' म्हणणार नाही. ती सहल म्हणजे पहाटे तीनला उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा जमेपर्यंत थांबायचं आणि मग जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. जारवा आता काही शेच उरलेत. तिथं गाडी थांबवायला, फोटो काढायला, खायला द्यायला कायद्यानं बंदी आहे. तरीही कितीतरी गाड्यांतली माणसं चुनखडीच्या गुहा बघायला म्हणून जातात आणि वाटभर नाक काचेला लावून बसतात. गुहा सुंदर असतील. माझ्या मुलांना मी त्या काचेशी बसवणार नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

आता जेल. नवरा म्हणतो असं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण प्रश्न त्याच्या मनात असणारच: तुरुंग बघायला एवढे पैसे? त्याला एकदा तिथं उभं राहू द्या. इमारत १८९६ ते १९०६ या काळात बांधली. मधे मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात बाजू निघालेल्या. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. प्रत्येक बाजूचं तोंड पुढच्या बाजूच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीच्या गजांतून कैद्याला समोर भिंतच दिसायची, दुसरा माणूस दिसायचा नाही. मुलाला दाराचा अडसर नीट दाखवा. लोखंडी कांब दारातून निघून बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत शिरते आणि कुलूप तिथं. आतून हात कितीही ताणला तरी बोटं पोचत नाहीत. माझ्या भाच्यानं आत जाऊन तीन वेळा करून पाहिलं आणि मग तो बराच वेळ काही बोलला नाही. मार्गदर्शकाच्या तासाभराच्या बोलण्यानं जे झालं नसतं, ते त्या कुलपानं केलं.

सावरकरांना ४ जुलै १९११ ला तिथं आणलं. एकूण शिक्षा पन्नास वर्षांची. थोरले बंधू बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते, आणि एका आवारात असून दोघांची गाठ बराच काळ पडू दिली नव्हती. अंगणात कोलू ठेवलाय. माणसाला बैलासारखं जुंपून रोज तीस पौंड खोबरेल काढायचं, असा दंडक. मुलाला हेही सांगा की भगतसिंगांबरोबर असेंब्लीत बॉम्ब टाकणारे बटुकेश्वर दत्तही याच जेलमध्ये होते. भिंतीवरच्या नावांत बंगाल आणि पंजाबची नावं सगळ्यात जास्त आहेत, ती वाचायला वेळ ठेवा. आपण मराठी माणसं एका कोठडीकडे सरळ चालत जातो आणि तिथूनच परत फिरतो, हे मी स्वतःवरूनच सांगते.

ती कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. जिने जुने, पायऱ्या उंच. सासूबाईंना खालीच अंगणात झाडाखाली बसवा आणि सासऱ्यांना सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत वर न्या. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ असतो, तो पहिल्या रात्री बघून घ्या. त्यानं सकाळचं बघणं सोपं होतं. डास चावतात, पायमोजे घालून जा. आणि सासरे कोठडीत शिरतील तेव्हा नवऱ्याला बाहेर थांबवून ठेवा. फोटो नंतर काढता येतो. पहिली दोन मिनिटं त्यांना एकट्याला द्या.

एक गोष्ट एजंट सांगणार नाही, कारण त्याला ती महत्त्वाची वाटत नाही. अंदमान पूर्वेला खूप लांब आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. जानेवारीच्या शेवटी साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो, मुंबईच्या सव्वा तास आधी. सुट्टीवर आहोत म्हणून नऊला उठून, दहाला नाश्ता करून, अकराला 'निघूया का?' म्हणणाऱ्या कुटुंबाचा दिवस तिथं हातात येईपर्यंत संपतो. सहाला उठा, दुपारी दोन तास सगळे झोपा, रात्री आठला जेवण आटपा. मुलांना हे वेळापत्रक आपोआप जमतं. नवऱ्याचं काय करायचं ते तुम्हाला ठाऊक.

हॅवलॉकला लोक किनारे नंबरानं ओळखतात. जेट्टी एक नंबर, बाजार तीन नंबर, विजयनगर पाच, राधानगर सात. रिक्षावाल्याला 'सात नंबर' म्हणालात की झालं. राधानगर पश्चिमेला आहे, सूर्यास्त तिथलाच बघायचा, म्हणजे चारच्या आत पोचायला हवं. वाळू पांढरी, पिठासारखी, आणि मागे उंच जंगल. लाटा असतात, म्हणून जीवरक्षक उभे असतील तेवढ्याच पट्ट्यात उतरा. शिट्टी वाजली की बाहेर. खारफुटीच्या कडेला, खाडीच्या तोंडाशी मुलांना मुळीच सोडू नका. तिथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी तरुणीचा मगरीनं जीव घेतला होता. पाट्या लावलेल्या असतात. आपल्याकडे पाटी वाचायची सवय नाही, तिथं लावून घ्या.

मुलाचं वय अकरा, म्हणजे स्कूबाची दहा वर्षांची अट त्यानं ओलांडली आहे. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक धरून खाली नेतो. दमा, कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर खरं लिहा. पाण्याखाली जाऊन आल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी केलंत तर तो प्रश्नच येत नाही. मुलीसाठी काचेच्या तळाची बोट. प्रवाळ, शंख, शिंपले यातलं काहीही उचलून आणू नका. त्यातले कितीतरी वन्यजीव कायद्याखाली येतात आणि विमानतळावर बॅगा तपासतात. निघायच्या आदल्या रात्री मुलीचे खिसे उलटे करा. पाच वर्षांच्या मुलीच्या खिशात अर्धा समुद्र असतो.

बोट कुणाला लागते ते तुम्हाला आधीच माहीत असेल. ज्याला घाटात गाडी लागते, त्यालाच. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, मुलांचं प्रमाण वेगळं विचारून, ते सांगतील तेवढा वेळ आधी द्या. मागच्या बाजूच्या, मधल्या रांगेतल्या खुर्च्या मागा, तिथं हेलकावा कमी. खिशात आलेपाक ठेवा. रिकाम्या पोटी बसू नका आणि छोले-भटुऱ्यांवरही बसू नका. सासू-सासऱ्यांची औषधं दोन भागांत करून दोन पिशव्यांत, दोन्ही हातातल्या. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण लहान बेटांवर नेटवर्क अजून लहरी आहे. क्यूआर कोडसमोर सहा जणांची जेवणं थांबवून उभं राहण्यात मजा नाही. शाकाहारी मिळतं. इडली-डोसा आणि बंगाली थाळी दोन्ही. तरी भाजणीची पुडी न्याच, मी सांगितलं नाही तरी सासूबाई नेणारच.

राहिला तुमचा खरा प्रश्न, 'बिघडलं की बोलणी मलाच'. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवा आणि प्रत्येकाला या सहलीतली एकच गोष्ट मागायला सांगा. दोन मागायच्या नाहीत. सासरे कोठडी म्हणतील. मुलगा पाण्याखाली जायचं म्हणेल. मुलगी हरीण म्हणेल किंवा आइस्क्रीम. नवऱ्यानं 'आराम' म्हटलं तर हॅवलॉकच्या तीन रात्री त्याच्याच. तुम्हीही मागा. मी तुमच्या पत्रात शोधलं, तुम्हाला काय हवंय ते तुम्ही एका ओळीतही लिहिलेलं नाही. मग वहीत सहा ओळी होतील आणि त्यांच्याबाहेरचं जे कुणी प्रवासात मागेल, त्याला ती वही दाखवायची. बोटींची तिकिटं नवऱ्यानं काढायची, विमानं ठरली की लगेच, जानेवारीत ती भरतात. तिकिटं त्याच्या मोबाइलवर असली की उशीर झाल्यावर विचारायचं कुणाला, हेही आपोआप ठरतं.

सासूबाईंना मात्र त्या बैठकीत विचारू नका. चारचौघांत त्या 'माझं काही नाही' असंच म्हणणार, कारण गुडघ्यापायी सगळ्यांचं अडेल ही भीती. मटार सोलताना दोघीच असाल तेव्हा विचारा, 'आई, किती पायऱ्या जमतात? कमोड लागतो का? बोटीची भीती वाटते का?' असे पायऱ्यांइतके साधे प्रश्न. त्यांना तळमजल्यावरची खोली मिळाली, विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगून ठेवली आणि जेट्टीवर सामान उचलायला माणूस केला, की त्या येतील. व्हीलचेअरला आधी नाही म्हणतील. बसल्यावर उतरायचं नाव काढणार नाहीत.

आणि आता तो ताजा कलम. साडीत समुद्रात उतरता येतं, पण राधानगरच्या लाटांत नको. ओल्या साडीचं ओझं होतं, निऱ्या पायात येतात आणि वाळू खालून सरकते. पाच नंबरला, विजयनगरला न्या. तो किनारा पूर्वेकडचा, पाणी उथळ आणि शांत. ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून घ्या, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपल्या कोकणातला हिशेब तिथं लागू पडत नाही. सकाळी सातच्या सुमाराला ओहोटी मिळाली तर सोनंच. हॉटेलातून एक प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या. तिचे पाय चार बोटं पाण्यात जातील अशी वाळूत दाबून बसवा आणि सासूबाईंना त्यावर बसवा. आईसाठी मी नीलला हेच केलं होतं, वारं सुटायच्या आदल्या दिवशी. तिनं आधी चपला हातात धरल्या, मग साडी घोट्याच्या वर घेतली, मग गुडघ्यापर्यंत. थोड्या वेळानं एक लहानसा मासा तिच्या पायाशी आला आणि तिनं मला हाक मारायच्या ऐवजी हातानंच खुणावलं, 'हलू नकोस'. खुर्ची परत द्यायला आम्ही साडेनऊला गेलो.